बिनजमिनीचं घर

काकाजींनी मला घर भाड्याने दिलं ते एका अटीवर. रोज संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की मी बाल्कनीत येऊन अर्धा तास उभं राहायचं. नुसतं उभं. हातात पुस्तक असलं तरी चालेल, पण तोंड रस्त्याकडे पाहिजे.

मी कारण विचारलं, तर म्हणाले, "लोकाइले दिसलं पाह्यजे बाई, का वर माणसं राहतात अन् खाली पडत नाईत."

मी तेव्हा हिंगणघाटला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. मूळची सेलूची, वय तीस, लग्न केलेलं नाही आणि तोंड बंद ठेवायची सवय नाही. एवढ्या गुणांवर तीन वर्षांत चार खोल्या बदलून झाल्या होत्या. प्रत्येक घरमालकिणीला मी किती वाजता आले, माझ्याकडे कोण आलं आणि मी कांदा एवढा का खाते, याची काळजी. काकाजींच्या फ्लॅटला स्वतःचं दार होतं, आतून कडी होती आणि संडास घरातच होता. त्यासाठी मी बाल्कनीत उभी राहून पाढेसुद्धा म्हटले असते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बाजाराच्या मधोमध कापसाचं एक जुनं जिनिंग कित्येक वर्षं बंद पडलं होतं. सरकीचा वास गेला होता, पण भिंती काळ्याच होत्या. त्यातली एक पट्टी काकाजींनी घेतली आणि खाली दुकानं, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन फ्लॅट, अशी इमारत उभी केली. गावात अशी ती पहिलीच. तिची जाहिरात त्यांनी गुलाबी कागदावर छापून घेतली होती. "शहराच्या हृदयात आलिशान राहणी" असं तीत वर लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात "लिफ्टची सोय". ही पत्रकं त्यांनी स्वतः बाजाराच्या दिवशी वाटली. लोकांनी त्यात फुटाणे बांधून नेले.

लोक त्या फ्लॅटला बिनजमिनीचं घर म्हणत. जमीन दुसऱ्याची, छत तिसऱ्याचं, मधली हवा तेवढी आपली, असा त्यांचा हिशेब. काकाजींना हे सांगितलं की ते खवळत. "जमीन त ढोरालेही भेटते. माणसानं वर राहाव." हे वाक्य त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल. ते आधी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. आयुष्यभर त्यांनी पूल आणि नाल्यावरच्या मोऱ्या बांधल्या, म्हणजे सगळं काम जमिनीलगतचं. एकदा नागपूरला भाच्याकडे चौथ्या मजल्यावर दोन दिवस राहून आले आणि तिथून येताना डोक्यात ही इमारत घेऊनच उतरले.

त्यांच्या खिशात पेन नसे, पाणसळ असे. गवंडी भिंत समपातळीत आहे की नाही पाहायला वापरतात ती, बुडबुड्याची. ती ते कुठेही ठेवून पाहत. लग्नाच्या पंगतीत पाटावर, डॉक्टरच्या टेबलावर, एकदा तर आमच्या शाळेत हेडबाईंच्या टेबलावर. बुडबुडा डावीकडे गेला तसे म्हणाले, "बाई, तुमची शाळा उताराले लागली." हेडबाईंना ते लागलं. मला मात्र आठवडाभर हसू येत होतं, वर्गातसुद्धा.

लिफ्टची गोष्ट अशी, की लिफ्टसाठी जागा सोडली होती, लिफ्ट आली नाही. येणार येणार म्हणत दीड वर्ष गेलं. मग एक दिवस काकाजींनी जिनिंगच्या भंगारातून एक मोठी गरारी आणली, ती गच्चीवर पक्की बसवली, तिच्यावरून दोर टाकला आणि दोराला वेताची भली मोठी टोपली बांधली. प्रत्येक मजल्यावर त्या पोकळीला एक खिडकी होतीच. भाजीवाली खालून टोपली भरायची, घंटी वाजवायची, आपण वरून ओढायचं. वांगी लिफ्टने येत आणि आम्ही जिन्याने. पण काकाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला मान ताठ करून सांगत, "लिफ्ट चालू आहे."

एवढं करूनही सहापैकी दोनच फ्लॅटमध्ये भाडेकरू होते. तिसऱ्या मजल्यावर मी. दुसऱ्या मजल्यावर सरकारी दवाखान्यातली सिस्टर, तिचा टेलिफोन ऑफिसातला नवरा आणि त्यांची दीड वर्षांची मुलगी. माझ्या समोरचा फ्लॅट काकाजींनी स्वतःसाठी ठेवला होता. सगळ्यांत वरचा, कोपऱ्यावरचा, दोन्हीकडून वारा येणारा. तिथे ते एक बाज टाकून राहत. एकटे. कारण काकू यायला तयार नव्हत्या.

सगळं घोडं इथेच अडलं होतं. काकू जुन्या वस्तीत, वेणा नदीकडच्या त्यांच्या घरी राहत. फ्लॅट पाहायला येणारा प्रत्येक माणूस नळ सोडून पाही, खिडकी उघडून पाही आणि शेवटी हटकून विचारी, "मंग तुमच्या घरचे काऊन नाई राहत इथी?" काकाजी म्हणत, येणार आहे, पुढच्या महिन्यात. गावाला तो पुढचा महिना पाठ झाला होता. आणि काकाजी दिवसातून दोनदा तीन मजले उतरून, वीस मिनिटं चालून जुन्या घरी जेवायला जात. कोणी विचारलं तर फिरायला निघालो म्हणून सांगत. फिरून येताना त्यांच्या मिशीला वरणाचा थेंब असे.

काकूंनी नाही म्हणायचं एकेक कारण द्यावं आणि काकाजींनी ते विटा-सिमेंटने मिटवायला जावं, असं त्या दोघांचं बांधकाम सुरू झाल्यापासून चाललं होतं. पहिलं कारण देवाचं. "खाली कोणाचा देव असन अन् वरून मी पाय देऊन चालू? माह्याकडून नाई होत." काकाजींनी हे फार मनावर घेतलं. तेव्हा पहिलाच स्लॅब पडला होता. त्यांनी नकाशा बदलला. सगळ्या मजल्यांवर देव्हाऱ्याचा कोनाडा एकाच कोपऱ्यात, एकावर एक, आणि कोनाड्यापुढे छोटा ओटा, म्हणजे त्या जागेवर कोणाचा पाय पडायलाच नको. देवावर देव, त्यावर देव, आणि गच्चीत अगदी त्याच कोपऱ्यावर तुळशीवृंदावन. खाली दुकानात तो कोपरा एका चपलांच्या दुकानदाराच्या वाट्याला आला. काकाजींनी त्याला तिथे एकही जोडा ठेवू दिला नाही. तो बिचारा तिथे आपला जेवणाचा डबा ठेवी. सिस्टरकडे त्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती होती. माझ्याकडे घड्याळ आणि मेणबत्त्या, कारण वीज सारखी जायची. काकाजींनी दोन्हींना सारखाच नमस्कार केला.

दुसरं कारण सड्याचं. अंगण नाही तर सकाळी सडा टाकायचा कुठे? काकाजी म्हणाले, दारापुढे. आणि शक्य आहे हे दाखवायला त्यांनी स्वतः पहाटे उठून आमच्या मजल्यावरच्या चौकात दोन बादल्या पाणी टाकलं. ते पाणी जिन्याने पायरी पायरी उतरत थेट चपलांच्या दुकानापर्यंत गेलं. दुकानदार भिजलेल्या जोड्यांची माळ घेऊन वर आला. काकाजी खाली वाकून रांगोळी काढत होते. त्यांनी मान वर न करता त्याला सांगितलं, "उताराचा अंदाज चुकला, बाप्पा."

मी एकदा काकूंना भेटायला गेले होते. चांगल्या उंच, सावळ्या, बोलायला ठणठणीत. दोन मुलं होती, एक भिलाईला, एक नागपूरला, दोघंही वर्षातून एकदा येणारी. घर मोठं होतं आणि झाडून स्वच्छ. मला त्यांनी पोहे दिले आणि पोहे खाऊन होईपर्यंत माझ्या शाळेतल्या सगळ्या मुलींची चौकशी केली. निघताना मी विचारलंच, काकू, एकदा वर या तरी. त्या म्हणाल्या, "पोरी, त्याइले माणूस नाई पाह्यजे, भाडेकरू पाह्यजे. मी गेलो त लोक मागून येतीन, एवढंच." मला तेव्हा त्या फार हट्टी वाटल्या. आता स्वतःचीच लाज वाटते.

त्याच सुमारास एक गृहस्थ फ्लॅट विकत घ्यायला आले. निवृत्त, पैसेवाले, पांढरे शुभ्र कपडे. काकाजी मोहरून गेले. सिस्टरच्या बरोबर खालचा, पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांना पसंत पडला. मी शाळेतून येत होते, जिन्यातच भेट झाली. गृहस्थांनी बोट वर करून हळू आवाजात विचारलं, "वर कोण राह्यते?" काकाजींनी सिस्टरचं आडनाव सांगितलं. आडनाव ऐकून गृहस्थ थोडा वेळ जिन्याचा कठडा कुरवाळत राहिले. मग म्हणाले, "दुसरी सोय होईन का त्याइची? आमच्या डोक्यावर नको."

काकाजींचा चेहरा मी पाहिला. हाताशी आलेलं पहिलं गिऱ्हाईक. ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुमच्यासाठी जमीनच बरी. वर नुसतं आभाळ राह्यते. पण आभाळात कोण राह्यते ते मले माईत नाई, पाहून घेजा." आणि जिना उतरून त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आले. त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदा वेडा वाटला नाही.

पण ती गोष्ट गावभर झाली, आणि लोक आता उघड बोलू लागले. काकाजींचं ठीक आहे, बाहेर बोलायला काय जातं, पण बायको येईल का तिथे? काकूंच्या न येण्याला आता आणखी एक कारण चिकटलं, आणि ते त्यांनी दिलेलंही नव्हतं. काकाजी ते कारण त्यांना विचारायला घाबरत होते. मला एकदा म्हणाले, "तिनं हो म्हटलं त, का ह्याच्याचसाठी नाई येत म्हणून? मंग मी कोणच्या तोंडानं सिस्टरसमोर जाऊ?" त्या आठवड्यात ते जेवायला गेले की लवकर परत येत, आणि मिशीला काही लागलेलं नसे.

उन्हाळा आला. आमच्याकडे मार्च-एप्रिलात घरोघर शेवया, सरगुंडे, कुरडया यांची घाई. जुन्या वस्तीत काकूंनी शेवया घातल्या आणि शेजारच्या दोन बकऱ्यांनी निम्म्या फस्त केल्या, उरलेल्यांवरून कोंबड्या फिरून गेल्या. हे काकाजींनी जेवताना ऐकलं आणि जेवणावरून उठून धापा टाकत माझ्याकडे आले. "बाई, तुमचा स्टोव्ह चालू आहे न? गच्चीवर बकरी येत नाई. तिले म्हटलं, राहू नको, कुरडया त घाल." काकू कुरडयांना मात्र हो म्हणाल्या होत्या.

रविवारी सकाळी काकू वस्तीतल्या सहा बायका घेऊन आल्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेलं सत्त्व पितळी बादलीत भरलेलं. बादली टोपलीत ठेवून काकाजींनी स्वतः दोर ओढला. बायकांनी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घेतला आणि प्रत्येक मजल्याला नावं ठेवली. गच्ची पाहिली मात्र, सगळ्या गप्प झाल्या. लख्ख ऊन, धूळ नाही, कुत्रं नाही, कोंबडी नाही. एकीने नुसती चप्पल काढून फरशीवर पाय ठेवून पाहिला. धोतरं अंथरली गेली.

कुरडईचं काम असं असतं, की चीक शिजवायला घेतला की थांबता येत नाही. उकळत्या पाण्यात सत्त्व ओतायचं आणि हात मोडेपर्यंत घोटायचं. मधेच आच गेली तर गाठी होतात, आणि गार झाला तर सोऱ्यातून उतरत नाही. तीन दिवसांची मेहनत वाया. माझ्या स्वयंपाकघरात काकू घोटत होत्या, चीक अर्धा कच्चा होता आणि माझा स्टोव्ह फुरफुर करून विझला. रॉकेल संपलं होतं. गणिताची बाई मी, पण स्टोव्हमध्ये किती आहे ते पाहिलं नव्हतं. काकूंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं.

"आणखी कोणाकडे विस्तव आहे?" त्यांनी विचारलं.

"खाली सिस्टरकडे गॅस आहे," मी म्हणाले, आणि म्हणता क्षणी स्वयंपाकघरातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. काकाजी दारात होते. त्यांचा रंग उतरला. ज्या प्रश्नाला ते महिनाभर टाळत होते, तो असा पातेल्यात येऊन बसला होता.

काकूंनी पदर खोचला, पातेल्याच्या एका कानाला फडकं धरलं आणि मला म्हणाल्या, "पाहून काय राह्यली? तिकडून धर."

आम्ही जिना उतरलो. मागून बायका. सिस्टरने दार उघडलं. कडेवर मुलगी. एवढा लोंढा पाहून ती बाजूला सरकली, आणि मग अवघडून म्हणाली, "काकू, माझ्या स्वयंपाकघरात... तुमच्याबरोबर इतक्या जणी आहेत..."

"गॅस पेटव पोरी, मंग बोलजो. चीक थंडा होऊन राह्यला."

सिस्टरने गॅस पेटवला. काकू घोटू लागल्या. दारात दोघी थबकल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आमचा आज उपास आहे काकू, आम्ही जातो."

"कुरडया आज खाच्या नाईत, घालाच्या आहेत," काकू न वळता म्हणाल्या. "बसाचं असन त बसा, जाचं असन त जा. मले इकडून नजर काढता येत नाई."

एक गेली. दुसरी जिन्यापर्यंत जाऊन परत आली आणि मुकाट्याने सोऱ्या पुसायला बसली. काकूंचा हात भरून आला तसा त्यांनी घोटणा सिस्टरच्या हातात दिला. रोज चाळीस जणांना सुया टोचणारा तो हात. चीक पाच मिनिटांत काचेसारखा पारदर्शक झाला. मग पातेलं टोपलीत, आणि गच्चीवरून काकाजी दोर असे ओढू लागले की जणू देवीची पालखी वर घेत आहेत. त्यांच्या गरारीने तेवढं वजन, तेवढं गरम, कधी उचललं नव्हतं. पातेलं वर पोचलं तेव्हा चिकातून वाफ निघत होती. काकाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले वाफेने आलं.

दुपारपर्यंत गच्ची कुरडयांनी भरली. सिस्टरच्या वाट्यांतून सगळ्यांनी गरम चीक तेल-तिखट घालून खाल्ला. उपासवालीने दोनदा घेतला. बायका गेल्या आणि मग लक्षात आलं, की काकू कुठे दिसत नाहीत.

मी आणि काकाजी शोधत खाली आलो. वाटलं, न सांगता घरी गेल्या. काकाजी जिन्यातच बसले. पहिल्या मजल्यावर त्या रिकाम्या फ्लॅटचं, त्या गृहस्थांना पसंत पडलेल्या, दार ढकललेलं होतं. काकू आत उघड्या फरशीवर उताण्या पडल्या होत्या, हाताची उशी करून, नजर छताकडे.

काकाजी घाबरून म्हणाले, "काय झालं व? चक्कर आली का?"

"श् ऽऽ," काकू म्हणाल्या.

आम्ही थांबलो. वर सिस्टरची मुलगी पळत होती. थपथपथप इकडून तिकडे, मग धप्प, मग पुन्हा थपथपथप.

"मी इथी राहतो," काकू म्हणाल्या. "हे घर मले द्या."

काकाजींना आनंदाने काय करावं कळेना. "अव, हे काऊन? तुह्यासाठी वरचं ठेवलं न मी. कोपऱ्यावरचं. हवा आहे, उजेड आहे, डोक्यावर कोणी नाई."

"त्याच्यानंच त मले ते नाई पाह्यजे." काकू उठून बसल्या. "तिकडच्या घरी दिवसभर कोणाचा पाय वाजत नाई. पोरं गेले तवापासून भांडं पडलं त माह्याच हातून पडते. इथी डोक्यावर लेकरू पळते, बाई ओरडते, घोटणा वाजते. माणूस आहे असं वाटते." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "लई एकटं वाटे मले."

काकाजी भिंतीला टेकले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं. "मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगाले तुम्ही होते कुठी? तुम्ही वर होते."

काकाजी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. मागोमाग मीही गेले, मला भीती वाटली म्हणून. त्यांनी आपली बाज भिंतीपासून ओढली, मला म्हणाले, "बाई, तिकडून धरा," आणि आम्ही ती दोन मजले खाली आणली.